मानशीजवळ काढलेला फोटो

१

पार्सेच्या खालच्या वाड्यावर वैशाख संपता संपता एक दिवस असा येतो, की त्या दिवशी कोणी बाजाराचं नाव काढत नाही. खाजनातलं, म्हणजे नदीकाठच्या सखल खारवट शेतांतलं, पाणी उतरवतात, वाड्यावरची सगळी माणसं जाळी, टोपल्या आणि जुन्या साड्या घेऊन चिखलात उतरतात, आणि वर्षभर वाढलेली मासळी घरोघर वाटली जाते. यंदा तो दिवस यायच्या आधीच मासळी आपणहून वर आली. पोट वर करून.

त्या मासळीत शेवटे होते, काळुंद्र होती, आणि एक हातभर लांब चणक होती, जिच्यावर गेले दोन महिने निदान चार घरांनी मनातल्या मनात मसाला वाटून ठेवला होता. सगळी मानशीपाशी गोळा झालेली. मानस म्हणजे नदीच्या भरतीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून बांधात बसवलेलं दुपाखी लाकडी दार. भरती आली की ते आपलं आपण मिटतं, ओहोटी लागली की उघडतं. इतकं शहाणं दार वाड्यावर दुसऱ्या कोणाच्या घराला नाही.

बांधावर माणसं जमली. सगळ्यांच्या माना आधी पाण्याकडे आणि मग टेकाडाकडे वळल्या. टेकाडावर सिद्धीचा काजूचा कारखाना होता.

गुरुदास मळीकला पोचायला वेळ लागला नाही. धारगळला हमरस्त्याला लागून त्याची काजूची भट्टी, आणि तालुक्यातल्या काजू कारखानदारांच्या संघटनेचा तो अध्यक्ष. धुरांड्याचा धूर धुऊन सोडा, सांडपाणी शुद्ध करून सोडा, हे दोन नियम रद्द करून घ्यायचे म्हणून तो वर्षभर सभा घेत होता. पणजीतल्या पुढाऱ्यांनी मान डोलावली होती. बाहेरदेशीही म्हणे वारं फिरलं होतं. पूर्वी पर्यावरणाचे शंभर प्रश्न विचारणारे परदेशी खरेदीदार हल्ली फक्त भाव विचारत. आता संघटनेची एकमुखी मागणी तेवढी हवी होती, आणि एकच तोंड उघडत नव्हतं. सिद्धीचं.

"नियम पाळणारीच्या दारात ही मासळी मेली," गुरुदास बांधावर उभा राहून शुद्ध मराठीत म्हणाला. सभेत तो शुद्ध बोले. "मग हे नियम कोणाचं पोट भरतात?"

पेडण्याच्या बातम्या देणारी गौरवी कॅमेरा घेऊन आली होती. तोल सांभाळायला ती मानशीच्या खांबाला टेकणार, तोच गुरुदासने भाषण मध्येच सोडलं, तिचा कोपर धरला आणि तिला बांधाच्या दुसऱ्या बाजूला नेऊन उभं केलं. "हय रव बाय. हयसून फोटो बरो येतलो." दोघंचौघं हसली. मेलेल्या मासळीपुढेही याला आपला चेहरा बरा यायला हवा.

हसणाऱ्यांत वत्सला नव्हती. वत्सला पार्सेकर, सिद्धीची मावशी. टेलिफोन खात्यात जन्म घालवून तिने मुदतीआधी निवृत्ती घेतली होती आणि तेव्हापासून वाड्यावरच्या हरवलेल्या गोष्टी तिच्याकडे येत. देवळातली समई तिने शोधली होती. शेजारणीचा नवरा तर फोंड्याला बहिणीकडे रुसून बसलेला, तोही एका फोनमध्ये. माणूस काय बोलतो यापेक्षा कुठे थांबतो, हे ती लाईनीवर शिकली होती.

सिद्धी तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. रविवारी देवळाच्या सभामंडपात संघटनेची सभा होती. तिथे तिने हात वर केला तर हे प्रकरण थंड होईल, असा निरोप गुरुदासकडून आला होता. नाहीतर वाडा कारखान्याला टाळं लावायला लावणार, आणि ऐन पावसाच्या तोंडावर टरफलं फोडणाऱ्या सगळ्या बायका घरी बसणार.

"मी हात वर करणार, मावशी," ती म्हणाली. "पण त्याआधी मला कळायला हवं. ही मासळी खरंच मी मारली का?"

२

वत्सलाने आधी पाणी पाहिलं. कारखान्यातलं धुण्याचं पाणी तीन टाक्यांतून फिरून कर्दळीच्या वाफ्यात येत होतं. त्या टाक्यांपायी सिद्धीने लग्नातल्या बांगड्या मोडल्या होत्या, आणि हे तिच्या नवऱ्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं. कर्दळ माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बेशरमपणे फुलली होती. बुडाशी बेडूक बसले होते. वाफ्यातून निघणारं पाणी खाली ज्या तोंडाने खाजनात पडत होतं, तिथे वत्सला चपला हातात घेऊन चिखलात उतरली. तिची चाहूल लागताच कुर्ल्या तिरक्या पळाल्या.

विष वरून आलं असतं, तर आधी या मेल्या असत्या. मेलं होतं ते सगळं दूर, मानशीपाशी.

"म्हणजे मी नाही," सिद्धी म्हणाली.

"तुझं पाणी नाही," वत्सला म्हणाली. "तू नाहीस असं मी अजून म्हटलं नाही."

मग ती मागच्या पत्र्याच्या छपरीत गेली. धुराच्या नियमामुळे सिद्धी टरफलं जाळायची बंद झाली होती. ती घाण्यात घालून त्यांचं तेल काढायची. काळं, दाट, कातडी सोलून काढणारं तेल. ते रंगाच्या कारखान्यात जायचं, आणि दुसऱ्या कोणाला द्यायला बंदी होती. निळी पिंपं भिंतीशी ओळीत उभी होती. ओळीच्या टोकाला धुळीत एक स्वच्छ वर्तुळ होतं, ताट उचलल्यावर जमिनीवर राहतं तसं.

घाण्याचं काम अक्षय बघायचा. बांदा गावचा मुलगा, कामाला वाघ, बोलायला गोगलगाय. इथलं पिंप कुठे गेलं, असं वत्सलाने सहज विचारलं.

"गिरायक घेऊन गेलो," तो म्हणाला.

"कधी रे?"

अक्षय थांबला. घाण्याकडे बघितलं, तिच्या चपलांकडे बघितलं. "परवा. नाय, तेरवा."

सिद्धी मागून म्हणाली की रंगवाल्यांची गाडी तर महिनाभर आलीच नाही. अक्षयने मान खाली घातली आणि घाणा सुरू केला. त्या आवाजात पुढचं काही विचारता येणार नव्हतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

३

बाबुराव शेटगावकर म्हणजे मानशीचा राखणदार. त्याच्या आजाने ती राखली, बापाने राखली. दारातून पाणी कधी सोडायचं, गवत कुठे अडकलंय, कुठल्या फटीला माती हवी, हे त्याच्याइतकं कोणी जाणत नव्हतं, आणि तो ते कोणाला विसरूही देत नसे. बायको गेल्यापासून आठवड्यातून एकदा वत्सला त्याला जेवायला बोलवायची. ही हकिगत चालू असतानाही तिने बोलावणं चुकवलं नाही.

तिने सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, आमटी केली होती आणि भात वाढला होता. बाबुराव पाटावर बसला, ताटाकडे बघितलं आणि म्हणाला, "बाय, कुलेर आसा?"

कुलेर म्हणजे चमचा. वत्सलाच्या घरी तो होता, पाहुण्यांच्या शिऱ्यासाठी. गेल्या सत्तर वर्षांत बाबुराव आमटीभात चमच्याने जेवल्याचं मात्र कोणाच्या ऐकिवात नव्हतं. लग्नात एकाने त्याच्या पानात चमचा ठेवला, तर हा आजारी कोण आहे म्हणून त्याने विचारलं होतं.

"बोटाक काटो लागलो," तो म्हणाला. हात त्याने पंचात गुंडाळला होता. चमचा धरताना पंचा सरकला. नखं काळी होती.

"कसली काळी नखं, बाबूकाका?"

"सोलां फोडलंय."

कोकम फोडलं की हात लाल होतात. वत्सलाने आणखी आमटी वाढली. मग मेलेल्या मासळीचा विषय निघाला. त्याला बोलायचंच नव्हतं. मानशीचं दार कसं आहे म्हटल्यावर मात्र तो पेटला. लाकडाला किडा लागतो, दरवर्षी दारं काढून तेल लावावं लागतं, पूर्वी हाक मारली की आठ गडी धावत यायचे, आता ह्याचा पोरगा कतारात आणि त्याचा पर्वरीत.

"आता दारां काढूक माणसां खंय गावतत?" असं म्हणून तो एकदम थांबला, आणि सुंगटं फार बरी झालीत असं म्हणाला. एवढं कौतुक त्याने बायकोच्या हातचंही कधी केलं नव्हतं.

म्हणजे चोरून ठेवलेलं काहीतरी होतं, आणि ते त्या पंचाच्या आत होतं. पण बाबुरावने मासळी का मारावी? त्या चणकेला तो नावाने हाक मारायचा.

४

धारगळला गुरुदासने वत्सलाला खुर्ची दिली, सोलकढी दिली, आणि ती कशासाठी आली हे माहीत असल्यासारखा समोर बसला. सभेबाहेर तो बरा माणूस होता.

त्याने आपली बाजू सांगितली आणि वत्सलाला कबूल करावं लागलं की ती अगदीच पोकळ नव्हती. नियम करणाऱ्याने मोठे कारखाने बघून नियम केले. पाण्याची टाकी भट्टीपेक्षा महाग. तपासणीला येणारा माणूस चूक दाखवतो, कसं करावं हे दाखवत नाही. माणसं मग शिकत नाहीत, लपवतात.

"तुमची सिद्धी हुशार," तो म्हणाला. "पण सगळ्यांनी हुशार कसां होवचां?"

मागे त्याचे गडी भाजलेली टरफलं उपसत होते. प्रत्येकजण आधी खोबरेल हाताला कोपरापर्यंत चोळत होता. टरफलाचं तेल लागलं तर कातडी सुटते, आणि नंतर तेच हात तोंडाला लागले तर ओठ बेडकासारखे सुजतात. काजूत वाढलेल्या माणसाला हे बोलून शिकवावं लागत नाही.

टेबलावर वर्तमानपत्र पडलं होतं. वर गौरवीने काढलेला फोटो होता. मागे सूर्य, पुढे गुरुदास, आणि गुरुदासच्या जागी एक मोठी काळी सावली. नाक कुठे आणि मिशी कुठे, काही कळत नव्हतं.

"त्या चेडवाक फोटो काढूक येना नाय," तो कुरकुरला.

"पण तिला तिथे उभी तुम्हीच केलीत ना, गुरुदासबाब?"

गुरुदास थांबला. फार नाही, एक श्वासभर. मग तो सोलकढी आणखी हवी का म्हणून विचारू लागला. वत्सलाच्या कानाला तो थांबा ओळखीचा वाटला. घाण्याजवळ अक्षय असाच थांबला होता.

परतताना बसमध्ये ती खिडकीशी बसून विचार करत राहिली. आपल्या मिशीला दिवसातून तीनदा कंगवा लावणारा माणूस. सकाळची वेळ. खांबाजवळून फोटो काढला असता तर ऊन सरळ त्याच्या तोंडावर होतं. तिथून त्याने पोरीला उचलून मुद्दाम उन्हासमोर नेलं. म्हणजे त्याला फोटो बरा यायला नकोच होता. त्याला ती मुलगी खांबापासून दूर हवी होती.

पार्सेच्या थांब्यावर वत्सला उतरली ती घरी गेलीच नाही. ओहोटी लागली होती. ती थेट बांधावर गेली.

दोन दिवसांनीही मेलेल्या मासळीचा वास तिथून हलला नव्हता. तिने नाकाला पदर लावला, मग काढला, आणि दाराजवळ वाकून हुंगलं. मासळीच्या वासाखाली दुसरा एक वास होता. तिच्या आईने अंगणात काजू भाजले की डोळ्यांत झोंबायचा, त्याचा थोरला भाऊ. तिने फणसाचं पान घेऊन दारावर घासलं. मानस कायम काळीच असते, म्हणून त्या काळ्यावर नवं काळं कोणाला दिसलं नव्हतं. पान चिकटून बसलं.

५

रविवारी सभेच्या आधी तिने चौघांना सिद्धीच्या कारखान्यात चहाला बोलावलं. सिद्धी तर होतीच. अक्षय दाराशी उभा राहिला. बाबुराव पंचा गुंडाळून आला आणि गुरुदास इस्त्रीचा शर्ट घालून. पावाचे उंडे होते, चहा होता, आणि कोणी काहीच खात नव्हतं.

वत्सलाने चिकटलेलं फणसाचं पान टेबलावर ठेवलं आणि जणू भाजीचा भाव सांगावा तशी सांगू लागली. मासळी कारखान्याच्या पाण्याने मेली नाही. त्या तोंडाशी कुर्ल्या अजून नांदतायत. ती मानशीच्या दाराने मेली. दाराला टरफलाचं तेल लावलंय, आणि ते वाळण्याआधी त्यावर भरतीचं पाणी चढलं. दरवर्षी टरफलाचंच तेल लावतात आणि दरवर्षी मासळी जगते, कारण दरवर्षी दारं काढून आठवडाभर उन्हात सुकवतात. शिवाय पूर्वीचं तेल भाजलेल्या काजूचं, शिजलेलं. घाण्याचं तेल कच्चं. ते जागच्या जागी लावलं तर सुकतच नाही.

"यंदा दारं काढायला आठ गडी मिळाले नाहीत," ती म्हणाली. "ज्याने लावलं त्याला तसं कोणाला सांगायची लाज वाटली. म्हणून त्याने ओहोटी साधली आणि एकट्याने, उभ्या दारांना, खांबांसकट, तेल फासलं. खोबरेल चोळलं असणार, पण नखांत गेलंच. आता तो भात चमच्याने जेवतो."

बाबुरावने पंचा सोडला. दोन्ही हातांची कातडी गेली होती. त्याने ते हात टेबलावर ठेवले, जसे कोणी हरवलेली वस्तू परत आणून ठेवतं.

"गुडघे माझे ऱ्हवले नाय, बाय," तो म्हणाला. "दार पडला असता तर शेतां गेली असती. माका वाटला, भरती बारीक आसा, दोन दीस पाणी दारार चढाचा नाय. माझीच मासळी ती."

अक्षय दाराशीच बोलू लागला, त्याला विचारायच्या आधी. पिंप त्यानेच दिलं होतं. म्हाताऱ्याने मागितलं, एक पैसाही घेतला नाही. बाहेर तेल द्यायला बंदी आहे हे ठाऊक होतं. उघड झालं तर नोकरी जाईल आणि सिद्धीताईंवरही येईल, म्हणून तो गप्प राहिला. तू मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, असं सिद्धी म्हणाली, आणि मासळी वाचली असती. रागात नव्हती. पण अक्षयला तो राग परवडला असता.

गुरुदासने खुर्ची मागे सरकवली. "म्हणजे मी सुटलंय. मी खंय काय केलंय?"

"तुम्ही काहीच केलं नाहीत," वत्सला म्हणाली. "गौरवी त्या खांबाला टेकणार होती. सगळा वाडा तिथे होता, पण हात जळेल हे एकट्या तुम्हाला कळलं. तुम्ही भट्टीवर वाढलात, तो वास तुम्हाला मासळीच्या आडूनही आला. पोरीला वाचवायला स्वतःचा फोटो बिघडवलात. मग पुन्हा जागेवर जाऊन सिद्धीवर बोललात."

गुरुदासने पानाकडे बोट दाखवलं.

"तेल ह्या कारखान्याचांच होता," तो म्हणाला. "मी खोटा बोलूक नाय."

"नाही बोललात," वत्सलाने कबूल केलं. "फक्त थांबलात."

मग तिने त्याच्या पुढ्यात उंडा सरकवला. सभेत ती काही बोलणार नव्हती. बाबुरावचं नाव निघालं तर म्हातारा वाड्यावर तोंड दाखवायचा नाही, आणि नाव न घेता ते सगळं फक्त एकच माणूस सांगू शकत होता, कारण वाडा त्याच्यावर विश्वास ठेवणार होता. घड्याळात सभेला थोडा वेळ होता. गुरुदासने उंडा मोडला, खाल्ला नाही, आणि कोणाकडे न बघता निघून गेला.

६

सभामंडप भरला होता. सिद्धी मागच्या खांबाशी बसली. तिच्या शेजारी वत्सला, आणि तिच्याकडे आता काहीही उरलं नव्हतं करण्यासारखं. गुरुदासने माईक हातात घेतला, ठोकला, फुंकला. जाचक नियम, वाढते खर्च, सगळं नेहमीप्रमाणे सुरू झालं. सिद्धीने मांडीवरचा हात उचलून बघितला, जणू तो वर जातो का ते तपासत होती.

आणि मग तो शुद्ध बोलता बोलता आपल्या बोलीत घसरला.

"खाजनातली मासळी सिद्धीच्या पाण्यान मरूक नाय," तो म्हणाला. "मानशीक लायलला तेल ओलां होता. दारां काढूक आमी कोण गेलंव नाय, म्हणान तां तसां लावचां लागला. चूक सगळ्या वाड्याची. माका पयल्याच दिसा समाजला होता, आणि मी गप ऱ्हवलंय."

कुजबूज उठली. मागून एकाने विचारलं, मग ठरावाचं काय? गुरुदासने घाम पुसला. नियम त्याला अजूनही पटत नव्हते, आणि तसं तो म्हणालाही. पण घाण्याचं तेल बाहेर देऊ नये हा नियम पाळला असता तर आज सगळ्यांच्या घरी चणक असती, हेही त्याला नाइलाजाने म्हणावं लागलं.

तेव्हा सिद्धी उठली. हात वर न करता. नियम काढा म्हणून मागायचं तर एकमुखी मागणी होणार नाही, ती म्हणाली, माझं तोंड त्यात नसेल. पण लहान भट्ट्यांना मिळून एक टाकी द्या, आणि तपासणीच्या आधी शिकवायला माणूस पाठवा, एवढं मागायचं असेल तर मी सगळ्यांत पुढे उभी राहते. जागा हवी तर माझ्या टेकाडावर आहे. आणि माझ्या कारखान्यातलं एक पिंप बाहेर गेलं, ते उद्या मीच कळवणार आहे.

ठराव झाला नाही. पुढच्या सभेवर ढकलला, आणि त्या देवळात पुढच्या सभेवर ढकललेल्या गोष्टी गणपती, नवरात्र, दिवाळी पार करून कुठे जातात हे सगळ्यांना माहीत आहे. टाकीचं बघायला मात्र तीन भट्टीवाले सभा संपताच कारखान्यावर आले, आणि त्यांनी कर्दळीचे कंदही मागून नेले. कारखान्याला टाळं लावायचा विषय कोणी पुन्हा काढला नाही. सरकारी माणूस पिंपाबद्दल आला, सिद्धीला लेखी समज देऊन गेला, आणि जाताना बेडकांचा फोटो काढून गेला. अक्षय घाण्यावरच आहे. हल्ली तो विचारतो. इतकं विचारतो की सिद्धी वैतागते.

मानशीची दारं त्याच आठवड्यात निघाली. जागी फळ्या आणि चिकणमाती लावून पाणी अडवलं. सिद्धीचे गडी होते, गुरुदासचे होते, आणि एका कोपऱ्याला खुद्द गुरुदास होता, इस्त्रीचा शर्ट काढून. दारं टेकाडावर काजू सुकवायच्या अंगणात उन्हात घातली. बाबुराव शेजारी खुर्ची टाकून बसला, हाताला औषध लावून, आणि दार असं नाही तसं धरा, उजवीकडे घ्या, तुमच्या बापाने कधी दार धरलं होतं का, असं दिवसभर ओरडत राहिला. त्याला इतकं खूश कोणी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. गौरवीने फोटो काढला. या खेपेला गुरुदासची मिशी नीट आली.

पुढल्या खेपेला बाबुराव वत्सलाकडे जेवायला आला तेव्हा तिने ताटाशेजारी कुलेर ठेवली. बाबुरावने तिच्याकडे बघितलं, मग आपल्या हातांकडे. नवी कातडी आली होती, लहान मुलाची असते तशी गुलाबी.

"ही कोणाक?" त्याने विचारलं. "हय कोण आजारी आसा?"

वत्सलाने ती उचलून आत नेऊन ठेवली. बाहेर येईपर्यंत त्याने भात कालवायला घेतला होता.